राष्ट्रगीताची बँडपरीक्षा : मास्तर कृष्णरावांचा एक विस्मृत लढा

१/
१५ ऑगस्ट १९४७ पूर्वी सरकारी समारंभात बँडने कोणती धून वाजवायची, हा प्रश्नच नव्हता. 'गॉड सेव्ह द किंग' ठरलेली होती. सत्तांतर झाले, ध्वज बदलला आणि बँडमास्तरापुढील ते पान एका रात्रीत निरुपयोगी झाले. त्याजागी कोणते पान यावे, हे ठरायला सुमारे अडीच वर्षे लागली. या काळात एका मराठी गायकाने 'वंदे मातरम्'च्या बाजूने जो लढा दिला, तो मुख्यतः स्वरलिपीचा आणि वाद्यांचा लढा होता. त्याची ही हकीकत.

२/
१४ ऑगस्टच्या मध्यरात्रीची घटना समितीची बैठक 'वंदे मातरम्'नेच सुरू झाली होती. सुचेता कृपलानी यांनी पहिले कडवे गायिले. गाणाऱ्याला कागद लागत नाही. चाल कंठात असते आणि सभागृहाप्रमाणे तिला वळवता येते. बँडचे तसे नसते. वीस-तीस वादक वेगवेगळ्या पट्टीची वाद्ये घेऊन उभे असतात आणि प्रत्येकाच्या पुढ्यात त्याच्या वाद्यापुरते लिहिलेले पान असावे लागते. परदेशी वकिलातीत वा लष्करी संचलनात जी धून वाजायची, ती आधी कागदावर उतरली पाहिजे. म्हणून गीताची निवड करताना त्याच्या वाद्यलेखनाचाही विचार करणे भाग होते.

३/
चाल कागदावर उतरवण्याचा प्रश्न मराठी संगीतकारांना नवा नव्हता. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, आणि गुरुमुखातून चालणारी विद्या शाळेच्या वर्गात आणण्यासाठी स्वतःची स्वरलिपी घडवून पुस्तके छापली. आयुष्याच्या उत्तरार्धात ते नाशिकला स्थिरावले. तेथील त्यांचा रामनाम आधार आश्रम हे त्यांच्या शिष्यपरंपरेचे एक केंद्र होते. काँग्रेसच्या अधिवेशनांत 'वंदे मातरम्' गाण्याची प्रथा रुजवण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्षांनी हरकत घेतली, तरी त्यांनी ते पूर्ण गायिले. पलुसकरांप्रमाणेच पं. भातखंडे यांनीही स्वतंत्र स्वरलिपी रूढ केली. म्हणजे १९४७ पूर्वीच भारतीय चाली लिहिण्याच्या दोन समर्थ पद्धती आपल्याकडे उपलब्ध होत्या.

४/
मग अडचण कोठे होती? या दोन्ही पद्धती एकाच स्वररेषेची नोंद करतात. त्यांतला 'सा' फिरता असतो. गायकाने पांढरी एक धरली काय किंवा काळी चार धरली काय, लिहिलेले स्वर तेच राहतात. पाश्चात्त्य बँडच्या स्टाफ नोटेशनमध्ये स्वराची उंची ठाम असते, आणि त्यातही वाद्यागणिक फरक पडतो. बी-फ्लॅट क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट 'सी' वाचून वाजवतो, तेव्हा ऐकू येतो तो एक पूर्ण स्वर खालचा बी-फ्लॅट, म्हणजे आपली काळी पाच. म्हणून एकच धून प्रत्येक वाद्यासाठी त्याच्या पट्टीनुसार वेगळी लिहावी लागते. त्याखेरीज खालच्या वाद्यांनी कोणता आधारस्वर धरायचा, तालवाद्यांनी कोठे जोर द्यायचा, हेही लिहावे लागते. हे काम गायनाच्या पंडिताचे नव्हे आणि एकट्या बँडमास्तराचेही नव्हे. दोघांनी शेजारी बसून करण्याचे ते काम आहे.

५/
दुसरी अडचण वाद्यांच्या देहातच होती. मींड हा आपल्या गायनाचा प्राण. कळांची पितळी वाद्ये स्वर सुटेसुटे काढतात. दोन स्वरांमधील सलग घसरण त्यांना सहज साधत नाही. साध्या बिगुलाला तर कळाही नसतात. श्वास आणि ओठांच्या ताणावर त्यातून मुख्यतः सा, ग, प एवढेच स्वर निरनिराळ्या सप्तकांत निघतात. उघड्या मैदानात बारीक हरकती विरून जातात. वादक चालत असेल तर स्वरवाक्य त्याच्या दमात बसले पाहिजे आणि मात्रा पावलांशी जुळली पाहिजे. अप्रतिम गाणे बँडवर निष्प्रभ ठरते, ते या कारणांमुळे.

६/
या परीक्षेला 'जन गण मन' बऱ्याच तयारीने सामोरे आले. २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात ते प्रथम गायिले गेले. १९१९ मध्ये मदनपल्ली येथे रवींद्रनाथांचा मुक्काम असताना मार्गारेट कझिन्स यांच्या साहाय्याने त्याची चाल लिहून ठेवण्यात आली. पुढे आझाद हिंद सेनेने थोड्या फेरफाराने तीच धून स्वीकारली आणि कॅप्टन रामसिंग ठाकुरी यांच्या हाताखाली ती लष्करी वाद्यवृंदात रुळली. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलातील एका समारंभासाठी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. शिष्टमंडळाजवळ 'जन गण मन'ची ध्वनिमुद्रिका होती. तेथील वाद्यवृंदाने ती ऐकून सराव केला आणि धून वाजवली. ती आवडल्याने अनेक देशांच्या प्रतिनिधींनी तिची स्वरलिपी मागितली. त्या वादनाचे ध्वनिमुद्रण भारतात आले आणि सैन्यदलांचे बँड ते वाजवू लागले.

७/
यानंतर पंडित नेहरूंनी प्रांतांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून मते मागवली. मध्यप्रांताच्या गव्हर्नरांचा अपवाद वगळता सर्वांनी 'जन गण मन'ला संमती दिली. नागपूर राजधानी असलेल्या या प्रांतात वऱ्हाडासह मोठा मराठी मुलूख होता. मंत्रिमंडळाने तात्पुरती मान्यता दिली आणि २५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी घटना समितीत तिची कारणे मांडली. राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा धून अधिक महत्त्वाची, असे त्यांचे प्रतिपादन होते. ती भारतीय संगीताची प्रतिनिधी असावी, पण वाद्यवृंद आणि बँड यांना पेलणारी व परदेशातही वाजवता येण्याजोगी असावी. 'वंदे मातरम्'चे ऐतिहासिक श्रेष्ठत्व त्यांनी निःसंदिग्धपणे मान्य केले. मात्र त्याची चाल करुण, पुनरुक्तीची आणि बँडला अवघड आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

८/
मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनी हा आक्षेप खोडून काढण्याचा चंग बांधला. त्यांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी आळंदीचा. भास्करबुवा बखले यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीतील गायकनट आणि संगीतकार, 'प्रभात'च्या 'धर्मात्मा', 'अमरज्योती', 'माणूस', 'शेजारी' या चित्रपटांचे संगीतदिग्दर्शक, अशी त्यांची ख्याती होती. रागदारी, रंगभूमी आणि चित्रपटाचा वाद्यमेळ या तिन्ही प्रांतांत वावरलेला हा कलावंत. एकाच चालीला कंठासाठी एक आणि वाद्यमेळासाठी दुसरे रूप द्यावे लागते, हे ते व्यवसायातूनच शिकले होते.

९/
'वंदे मातरम्'वरची त्यांची निष्ठा या वादातून उपजलेली नव्हती. इंग्रजी अमलात मुंबईच्या रेडिओवर गाताना त्यांनी हे गीत आळवले, तेव्हा त्यांचे प्रक्षेपण तोडण्यात आले. त्यावर त्यांनी रेडिओवरच बहिष्कार घातला. गायकाची कीर्ती घरोघर पोहोचवणारे ते नवे माध्यम होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या बहिष्काराची किंमत कळते.

१०/
त्यांनी गीताला झिंझोटी रागात चाल दिली. ही निवड विचारपूर्वक होती. झिंझोटी मुख्यतः मंद्र आणि मध्य सप्तकात वावरतो, म्हणून सामान्य कंठाच्या जनसमूहाला तो झेपतो. त्यात कोमल निषादाखेरीज बाकीचे स्वर शुद्ध, त्यामुळे स्थिर स्वरांच्या वाद्यांवर राग ओळखू येण्याइतपत शाबूत राहतो. चालीला त्यांनी संचलनाला साजेशी लय दिली. समूहगानासाठी आणि बँडसाठी तिची रूपे सिद्ध केली. मुंबईत पाश्चात्त्य बँडच्या जाणकारांबरोबर बसून तिचे स्टाफ नोटेशन करून घेतले आणि ती प्रत्यक्ष बँडवर वाजवून घेतली. नंतर दिल्लीत घटना समितीच्या सदस्यांपुढे प्रात्यक्षिकेही केली. आक्षेप वाद्याच्या भाषेत आला होता. उत्तरही त्यांनी त्याच भाषेत दिले.

११/
तरीही निकाल बदलला नाही. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी निवेदन केले : 'जन गण मन' हे राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्यलढ्यातील ऐतिहासिक भूमिकेमुळे 'वंदे मातरम्'ला त्याच्या बरोबरीचा मान. समितीचे कामकाज संपताना पूर्णिमा बॅनर्जी आणि इतर सदस्यांनी 'जन गण मन' म्हटले, लक्ष्मीकांत मैत्र आणि इतरांनी 'वंदे मातरम्'. दोन्ही गीते कंठातून उमटली. बँड त्या सभागृहात नव्हता.

१२/
हा निर्णय केवळ बँडमुळे झाला, असे म्हणणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. 'आनंदमठ'मधील संदर्भ आणि पुढील कडव्यांतील देवीरूपक यांवरून मुस्लिम समाजात आक्षेप होते. १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने पहिली दोनच कडवी सभांत गाण्याचे ठरवले होते. हा राजकीय पेच १९४८ मध्ये मिटलेला नव्हता. तथापि सभागृहात पुढे ठेवलेला युक्तिवाद मुख्यतः वाद्यांचा होता. म्हणूनच कृष्णरावांच्या उत्तराला महत्त्व येते. 'हे गीत बँडवर वाजत नाही' याचा अर्थ 'ते बँडसाठी अजून कोणी नीट लिहिलेले नाही' असाही असू शकतो, हे त्यांनी करून दाखवले.

१३/
त्यांचे काम पुढे येईतो काळ मात्र प्रतिस्पर्धी धुनेच्या बाजूने गेला होता. एक ध्वनिमुद्रिका योग्य वेळी शिष्टमंडळाच्या सामानात होती. तिच्यावरून वादन झाले, वादनाची मुद्रिका झाली, बँड ती वाजवू लागले, आणि रूढीचे रूपांतर पुढे निर्णयात झाले. बीबीसीशी संबंधित संगीतकार हर्बर्ट मुरिल यांनी केलेली तिची वाद्यवृंदरचना परदेशातही उपयोगी पडली. संगीतसंस्थांच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा आढळते : सरस रचना मागे पडते आणि वेळेवर हाताशी लागलेली स्वरलिपी परंपरा होऊन बसते.

१४/
नाशिकसारख्या शहराला हा विषय परका नाही. एकीकडे देवळालीची जुनी छावणी आणि १९३७ साली डॉ. बा. शि. मुंजे यांनी स्थापन केलेले भोसला मिलिटरी स्कूल, म्हणजे संचलन आणि शिस्त. दुसरीकडे पलुसकरांच्या आश्रमाचा वारसा, म्हणजे राग आणि स्वरलिपी. शाळेच्या बँडसाठी देशभक्तिपर गीत निवडणाऱ्या शिक्षकाला आजही या दोन्हींचा मेळ घालावा लागतो. बिगुल, बासरी, साइड ड्रम, बेस ड्रम आणि झांजा एवढाच संच असेल, तर कोणती चाल त्यांत मावेल? सर्वांत नवख्या मुलाला तिचा वरचा स्वर लागेल काय? एका दमात ओळ पुरी होईल काय? राष्ट्रगीताची पूर्ण धून सुमारे ५२ सेकंदांत बसते. या मोजपट्टीमागेही हाच हिशेब आहे.

१५/
मास्तर कृष्णरावांना १९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नाट्यपदांची आणि चित्रपटगीतांची आठवण रसिकांनी ठेवली. बँडच्या वहीत एका गीताला जागा मिळावी म्हणून केलेली ही खटपट मात्र बहुतेकांच्या नजरेआड राहिली. कोणते गीत श्रेष्ठ, यावर वाद घालणारे त्या काळी पुष्कळ होते. कृष्णरावांनी आपल्या गीताची पट्टी ठरवली, मात्रा मोजल्या, ते वाद्यागणिक लिहून घेतले आणि वाजवून दाखवले. निकाल विरुद्ध गेला, तरी आक्षेपाला असे उत्तर देणारे त्या वादात फार थोडे होते.