एमपी४ की एमकेव्ही? जुन्या कॅसेटचा व्हिडिओ दर्जा न गमावता कसा साठवायचा?

कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेली लग्नाची किंवा बारशाची व्हीएचएस कॅसेट एक दिवस डिजिटल करून घ्यायचं ठरतं. पेनड्राइव्हवर एमपी४ फाइल मिळते, फोनवर व्हिडिओ सुरू होतो, फॅमिली ग्रुपवर फिरतो. 'आता काय करायची ती कॅसेट?' म्हणून मूळ टेप भंगारात जाते.

पण त्या एमपी४मध्ये कॅसेटवरचं सगळं आलेलं असतं का? बहुतेक वेळा नाही. आणि हे काम पुन्हा करायची संधी मिळेलच असंही नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि नव्या व्हीसीआरचं उत्पादन जवळपास संपलं. टेपवरचा चुंबकीय थरही वयानुसार खराब होतो. म्हणजे बऱ्याच कॅसेट एकदाच डिजिटल होणार आहेत.

म्हणूनच कोडेक, कंटेनर आणि लॉसलेस हे तीन शब्द समजून घेणं गरजेचं आहे.

.एमपी४ हा व्हिडिओचा प्रकार नाही?

नाही. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही हे सगळे डबे आहेत. तांत्रिक भाषेत त्यांना कंटेनर म्हणतात. चित्र, आवाज, सबटायटल्स आणि कोणती फ्रेम कोणत्या क्षणी दाखवायची याची माहिती एकत्र ठेवणं एवढंच डब्याचं काम.

आतलं चित्र कोणत्या पद्धतीने दाबून बसवलंय, हे कोडेक ठरवतो. एच.२६४, एच.२६५, व्हीपी९, एव्ही१, एफएफव्ही१ हे कोडेक.

स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यासारखंच हे. डबा बघून आत रवा आहे की साखर, हे कळत नाही. तसंच दोन एमपी४ फाइल्सपैकी एक उत्तम दर्जाची आणि दुसरी अगदी धुरकट असू शकते. फाइलच्या नावातला शेवटचा भाग नुसता बदलून काहीच होत नाही, कारण लेबल बदलल्याने आतला माल बदलत नाही.

आत नेमकं काय आहे हे पाहायचं असेल तर मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डबा, कोडेक, रंगांची पद्धत, बिटरेट सगळं दाखवतं. व्हीएलसी प्लेयरमध्येही 'कोडेक इन्फर्मेशन'मध्ये बरीचशी माहिती मिळते.

लॉसी आणि लॉसलेसमध्ये फरक काय?

व्हीएचएस टेपचं चित्र भारतातल्या पाल पद्धतीनुसार डिजिटल केलं की प्रत्येक फ्रेम ७२० बाय ५७६ पिक्सेलची होते आणि सेकंदाला २५ फ्रेम्स असतात. ८-बिट ४:२:२ पद्धतीत एका पिक्सेलला सरासरी २ बाइट लागतात. म्हणजे सेकंदाला सुमारे २०.७ एमबी आणि तासाला सुमारे ७५ जीबी. तीन तासांच्या कॅसेटला २२५ जीबी झाले.

ही माहिती कमी जागेत बसवायचे दोन मार्ग आहेत.

पहिला लॉसी. डोळ्यांना सहज जाणवणार नाही असा तपशील हा मार्ग टाकून देतो. सेकंदाला ५ मेगाबिटच्या एच.२६४ फाइलमध्ये तासाभराचा व्हिडिओ सव्वादोन जीबीच्या आसपास बसतो, म्हणजे मूळ माहितीच्या साधारण तेहतिसाव्या भागात. पाहायला चित्र चांगलं दिसू शकतं, पण टाकलेला तपशील परत मिळत नाही.

दुसरा लॉसलेस. हा झिप फाइलसारखा आहे. उघडल्यावर प्रत्येक फ्रेममधला प्रत्येक पिक्सेल होता तसाच परत मिळतो. यात जागा वाचते, पण तेवढी नाही. फाइल साधारण निम्म्यावर किंवा एक तृतीयांशावर येते. कार्टून किंवा स्क्रीन रेकॉर्डिंग यापेक्षाही खूप लहान होऊ शकतं. जुन्या टेपवरच्या मुंग्या मात्र लॉसलेसला जड जातात, कारण त्यांचा अंदाज बांधता येत नाही.

काहीही न टाकता फाइल लहान कशी होते?

याचं चांगलं उदाहरण म्हणजे एफएफव्ही१. मायकेल नीडरमायर यांनी २००३च्या सुमारास एफएफएमपेग या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी तो बनवला.

त्याची युक्ती अंदाजाची आहे. समजा, आकाशाच्या भागात डावीकडच्या पिक्सेलची किंमत २००, वरच्याची २०१ आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातल्याची २०० आहे. या तिघांवरून कोडेक पुढच्या पिक्सेलचा अंदाज २०१ असा काढतो. प्रत्यक्षात तो २०२ निघाला तर २०२ लिहायची गरज नाही, फक्त '१' हा फरक नोंदवला की काम झालं. असे छोटे आकडे कमी बिट्समध्ये मावतात. व्हिडिओ उघडताना तोच अंदाज पुन्हा काढून त्यात फरक मिळवला की मूळ आकडा परत मिळतो.

जपणुकीच्या दृष्टीने एफएफव्ही१मध्ये आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. प्रत्येक फ्रेम मागच्या-पुढच्या फ्रेमच्या चित्रावर अवलंबून न राहता साठवता येते. शिवाय तिसऱ्या आवृत्तीत फ्रेमचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला पडताळणीचा आकडा देता येतो. त्यामुळे हार्ड डिस्क बिघडून फाइल खराब झाली, तर नेमका कोणता तुकडा गेला हे कळतं.

व्हिएन्नातल्या ऑस्ट्रियन मीडियाथेक आणि कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराच्या अभिलेखागाराने एफएफव्ही१ वापरला आहे. ऑगस्ट २०२१मध्ये त्याचं तपशीलवार वर्णन आरएफसी ९०४३ म्हणून प्रसिद्ध झालं. उद्या एफएफएमपेग नसलं, तरी तो दस्तऐवज वाचून कुणीही या फाइल्स उघडणारं नवं सॉफ्टवेअर लिहू शकतं.

कोणता कोडेक कोणत्या डब्यात बसतो?

- एमपी४: अ‍ॅपलच्या क्विकटाइम फाइलच्या रचनेवरून हा आला. चित्रासाठी एच.२६४, एच.२६५ किंवा एव्ही१ आणि आवाजासाठी एएसी ही नेहमीची जोडी. फोन, टीव्ही, ब्राउझर सगळीकडे उघडतो.
- एमओव्ही: अ‍ॅपलचा मूळ क्विकटाइम डबा. एडिटिंगमध्ये प्रोरेस कोडेक आणि न दाबलेला पीसीएम आवाज यात ठेवतात. प्रोरेसचा दर्जा चांगला असला तरी तो लॉसलेस नाही.
- एमकेव्ही: म्हणजेच मॅट्रोस्का. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून हे नाव पडलं. जवळपास कोणताही कोडेक, अनेक भाषांचे आवाज, सबटायटल्स, चॅप्टर्स यात मावतात. एफएफव्ही१ चित्र आणि फ्लॅक आवाज ही यातली लोकप्रिय लॉसलेस जोडी. ऑक्टोबर २०२४मध्ये मॅट्रोस्काचंही आरएफसी ९५५९ हे मानक आलं.
- वेबएम: गुगलने २०१०मध्ये आणलेली मॅट्रोस्काची मर्यादित आवृत्ती. व्हीपी८, व्हीपी९ आणि एव्ही१ चालतात. एच.२६४ चालत नाही.
- एव्हीआय: मायक्रोसॉफ्टचा १९९२चा डबा. हफवाययूव्ही, लागारिथ, यूटी व्हिडिओ असे जुने लॉसलेस कोडेक अनेकदा यातच सापडतात. चित्राची लांबी-रुंदी कोणत्या प्रमाणात दाखवायची किंवा रंग कसे वाचायचे, ही माहिती नोंदवायला तो तोकडा पडतो.

मग लॉसलेस व्हिडिओ एमपी४मध्येच ठेवला तर?

इथे 'बसणं' आणि 'चालणं' यातला फरक कळतो. एखादी जोडी उपयोगी पडायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: मानकाने परवानगी दिलेली असावी, फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला ती लिहिता यावी आणि समोरच्या उपकरणाला तो कोडेक उलगडता यावा.

एच.२६४चंच घ्या. त्यात 'हाय ४:४:४ प्रेडिक्टिव्ह' नावाचं प्रोफाइल आहे आणि ते लॉसलेस चालू शकतं. अशी फाइल एमपी४मध्ये नियमानुसार बसते. पण फोन आणि टीव्हीमधल्या डिकोडर चिप सहसा हे प्रोफाइल ओळखत नाहीत. त्यामुळे तोच डबा, तोच कोडेक असूनही आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये तीच फाइल व्यवस्थित चालते.

उलटही घडतं. टीव्हीला एमकेव्ही डबा उघडता येतो, पण आत एफएफव्ही१ असेल तर तो 'फॉरमॅट सपोर्टेड नाही' म्हणतो. म्हणून जपायची प्रत आणि पाहायची प्रत वेगळी ठेवणं सोयीचं.

डबा बदलला तर दर्जा घसरतो का?

नुसता डबा बदलला तर नाही. याला रीमक्सिंग म्हणतात. एमकेव्हीमधलं एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज उचलून एमपी४मध्ये ठेवला तर एकही पिक्सेल बदलत नाही आणि काम झटपट होतं. ओबीएस स्टुडिओमधला 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' हा पर्याय हेच करतो.

दर्जा घसरतो तो 'कन्व्हर्ट' करताना, म्हणजे चित्र उलगडून पुन्हा लॉसी कोडेकने दाबताना. प्रत्येक फेरीत थोडा तपशील जातो. आधी स्टुडिओत, मग एडिटिंग अ‍ॅपमध्ये आणि मग सोशल मीडियावर, असं तीनदा दाबलेलं चित्र धुरकट होणारच. कन्व्हर्टरला तासभर लागत असेल तर तो बहुधा चित्र पुन्हा दाबतोय. काही सेकंदांत झालं तर बहुधा डबाच बदललाय.

फोनमधला व्हिडिओ लॉसलेस केला तर सुधारेल?

नाही. फोनने शूट करतानाच एच.२६४ किंवा एच.२६५मध्ये तपशील टाकलेला असतो. त्याचं एफएफव्ही१ केलं तर फाइल कैक पटींनी फुगेल आणि चित्र आहे तसंच राहील. फोनची मूळ फाइल तशीच ठेवणं हीच तिची चांगली प्रत. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर व्हिडिओऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती पुन्हा दाबली जात नाही.

मिनीडीव्ही कॅसेटचंही तसंच. त्यावरचं चित्र आधीच डिजिटल असतं. फायरवायर केबलने ते जसंच्या तसं उतरवलं की तासाला सुमारे १३ जीबी लागतात आणि लॉसलेस कोडेकची गरज पडत नाही. लॉसलेसचा खरा फायदा व्हीएचएस किंवा हाय८सारख्या अ‍ॅनालॉग टेपला होतो.

कॅसेट देताना काय विचाराल?

१. कॅप्चर करतानाच चित्र दाबलं जातंय का? डीव्हीडी रेकॉर्डर किंवा थेट एमपी४ देणाऱ्या यंत्रातून आलेली फाइल नंतर लॉसलेस केली, तरी गेलेला तपशील परत येत नाही.

२. एफएफव्ही१ एमकेव्ही मिळेल का? ते शक्य नसेल तर न दाबलेली किंवा हफवाययूव्हीसारख्या लॉसलेस कोडेकची एव्हीआय फाइल मागा. तिचं एफएफव्ही१ नंतर घरीही मोफत करता येतं.

३. रंगांची पद्धत बदलली का? कोडेक लॉसलेस असूनही त्याआधी ४:२:२चं ४:२:० केलं असेल तर रंगांचा अर्धा तपशील गेलेला असतो.

४. इंटरलेसिंग तसंच ठेवलंय का? व्हीएचएसची प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते. ती एकत्र करायचं काम फक्त पाहायच्या प्रतीत करावं. उद्या यापेक्षा चांगलं तंत्र आलं तर मूळ माहिती हाताशी हवी.

५. पडताळणी कशी करायची? एफएफएमपेगचा 'फ्रेमएमडी५' पर्याय प्रत्येक फ्रेमसाठी एक खुणेचा आकडा काढतो. आधीच्या आणि नंतरच्या फाइलचे सगळे आकडे जुळले तर रूपांतर खरोखर लॉसलेस झालं.

तीन तासांच्या कॅसेटची एफएफव्ही१ प्रत १०० जीबीच्या आसपास जाऊ शकते. ती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, शक्यतो दोन वेगळ्या घरांत. तिच्यावरूनच एच.२६४ आणि एएसीची छोटी एमपी४ बनवून ग्रुपवर पाठवावी. आणि कॅसेट? दोन्ही प्रती अथपासून इतिपर्यंत पाहून होईपर्यंत ती भंगारात देऊ नये.