फॅन्टम आणि मिनी : दोन टोकांच्या दोन मोटारी

ब्रिटनने जगाला दिलेल्या मोटारींमध्ये रोल्स-रॉइसची 'फॅन्टम' आणि सर अ‍ॅलेक इसिगोनिस यांची 'मिनी' ही दोन नावे परस्परविरुद्ध टोकांना उभी आहेत. २००३ मध्ये आलेल्या फॅन्टमच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतरच सुमारे ३.५७ मीटर होते. मूळ मिनीची संपूर्ण लांबी ३.०५ मीटर, म्हणजे फॅन्टमच्या दोन आसांमधील अंतरात अख्खी मिनी मावावी!

मिनीचा जन्म टंचाईतून झाला. १९५६ च्या सुवेझ पेचप्रसंगामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग लागू झाले. तेव्हा 'ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन'चे प्रमुख सर लिओनार्ड लॉर्ड यांनी इसिगोनिस यांच्यावर एका छोट्या, काटकसरी गाडीची कामगिरी सोपवली. ऑगस्ट १९५९ मध्ये ती बाजारात आली. इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्याच खाली ठेवून दोघांना एकच तेल पुरवले आणि जेमतेम दहा इंची चाके वापरली. त्यामुळे गाडीच्या तळाची सुमारे ८० टक्के जागा प्रवासी आणि सामानासाठी मोकळी झाली. इंजिन ८४८ सीसीचे, शक्ती ३४ अश्वशक्ती आणि वेग ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास.

फॅन्टमपुढे जागेची चणचण नव्हतीच. ५.८३ मीटर लांबी, सुमारे अडीच टन वजन, ६.७५ लिटरचे बारा सिलिंडरांचे इंजिन आणि ४५३ अश्वशक्ती असा तिचा थाट होता. मागचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत, त्यामुळे उतरणाऱ्याला वाकावे लागत नसे. आरामात, शांततेत आणि सुरक्षिततेत १९५९ ची मिनी तिच्या पासंगालाही पुरणार नाही. मिनीत इंजिनाचा आवाज आणि रस्त्यावरील प्रत्येक खड्डा थेट प्रवाशापर्यंत पोहोचे.

मात्र मोटार उद्योगावरील प्रभावाचा विचार केल्यास पारडे मिनीकडे झुकते. वाड्याचे वैभव त्याच्या चौकात दिसते, तर चाळीतल्या खोलीचे कौशल्य संसार मांडण्यात. हे मांडणीचे कौशल्यच मिनीचे सामर्थ्य ठरले. आडवे इंजिन आणि पुढच्या चाकांना मिळणारी गती ही तिने लोकप्रिय केलेली रचना पुढे जगभरातील छोट्या गाड्यांनी स्वीकारली; १९८३ मध्ये भारतात आलेली 'मारुती ८००'ही त्याच पठडीतली. मॉन्टे कार्लो रॅलीत १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये मिनीने मोठ्या गाड्यांना मागे टाकले. ऑक्टोबर २००० मध्ये उत्पादन थांबेपर्यंत ५३ लाखांहून अधिक मिनी तयार झाल्या होत्या.

आज ही दोन्ही नावे जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीकडे आहेत. फॅन्टमची गणना आजही जगातील सर्वांत आलिशान मोटारींमध्ये होते. सामान्य कुटुंबाच्या दारातील छोट्या गाडीत मात्र इसिगोनिस यांची कल्पना अजूनही धावते आहे.