आयटी सर्टिफिकेशन : निवडण्याआधी मुदत बघा

'कोणतं सर्टिफिकेशन करू?' असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, काम कोणतं करायचंय? नेटवर्किंग, सर्व्हर, क्लाउड की सिक्युरिटी? हव्या त्या कामाच्या दहा-पंधरा जाहिराती उघडा आणि कोणत्या सर्टिफिकेशनचं नाव पुन्हा पुन्हा येतं ते मोजा. क्लासवाल्यांच्या फलकापेक्षा हा अंदाज जास्त भरवशाचा.

त्यानंतर बघायची गोष्ट म्हणजे मुदत. बरेच जण फक्त परीक्षेची फी बघतात, पण सर्टिफिकेशन टिकवायलाही वेळ आणि पैसा लागतो.

सिस्कोचं सीसीएनए ३ वर्षं चालतं. ते संपण्याआधी ठरलेली एखादी परीक्षा पुन्हा द्यायची किंवा ३० क्रेडिट्स जमवायची. कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लसलाही ३ वर्षांत ५० क्रेडिट्स लागतात. सीआयएसएसपीचा हिशोब सगळ्यात कडक: ३ वर्षांत १२० क्रेडिट्स, वर दरवर्षी फी. शिवाय सिक्युरिटीतला ५ वर्षांचा अनुभव हवा; पदवी असेल तर त्यातलं १ वर्ष कमी होतं. त्यामुळे कॉलेज संपताच यामागे लागू नका.

मायक्रोसॉफ्टची पद्धत वेगळी आहे आणि माझ्या मते सगळ्यात सोयीची. अझ्युर ॲडमिनिस्ट्रेटरसारखी असोसिएट पातळीची सर्टिफिकेशन्स फक्त १ वर्ष चालतात. पण नूतनीकरणाची चाचणी फुकट, ऑनलाइन आणि घरबसल्या असते. मुदत संपण्याच्या ६ महिने आधी ती उपलब्ध होते. नापास झालात तरी पुन्हा देता येते. लवकर दिली तरी तोटा नाही, कारण नवं वर्ष जुन्या मुदतीपासूनच धरतात. मात्र तारीख उलटली की फी भरून मूळ परीक्षा परत द्यावी लागते! फुकटात होणारं काम आळसापायी हजारोंवर जातं. फंडामेंटल्सच्या सर्टिफिकेशन्सना ही भानगडच नाही, त्यांना मुदत नसते.

लिनक्समध्ये काम करायचं असेल तर रेड हॅटचं आरएचसीएसए मला जास्त वजनदार वाटतं. तिथे पर्याय निवडायचे नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवावं लागतं. पाठांतराला किंवा 'डम्प्स'ना तिथे फार वाव नाही. डम्प्सवरून आठवलं, ते वापरल्याचं सिद्ध झालं तर कंपन्या मिळालेलं सर्टिफिकेशनही रद्द करतात.

खातं उघडताना ऑफिसचा ईमेल देऊ नका. नोकरी सुटली की तो बंद होतो, मुदतीच्या सूचनाही तिकडेच जातात. आणि नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये असतं, दुसऱ्यावर आडनाव आधी. नाव जुळलं नाही तर परीक्षा केंद्रावरून परत पाठवू शकतात आणि भरलेली फीही जाऊ शकते.