झाशीची वाट आणि वाटेवरील जोखीम

झाशीस स्थायिक झालेल्या आम्हां मराठी मंडळींच्या घरांतून पूर्वजांच्या पराक्रमाचा उल्लेख वारंवार होतो. ते येथवर पोहोचले कसे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. १७४२ मध्ये नारो शंकर येथे आले ते फौजेच्या बळावर. साध्या भिक्षुकाला असा आधार कोठला?

त्याची वाट कशी असे, हे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या वृत्तांतावरून कळते. घरचे कर्ज फिटावे म्हणून, दक्षिणेच्या आशेने, ते १८५७ मध्ये काका रामभटजींसह उत्तरेकडे निघाले. सावकाराला हुंडीची सोय होती. भिक्षुकाची दक्षिणा म्हणजे रोकड, ती अंगाशीच बाळगायची. सोबत पाहून चालावे, धर्मशाळा गाठून मुक्काम करावा, एवढाच काय तो बंदोबस्त. महूच्या सुमारास बंडाची वार्ता कानी आली, तरी ते परतले नाहीत. याला धाडस म्हणावे की कर्जाची निकड? आम्हांस दुसरेच अधिक खरे वाटते.

एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजी फौज झाशीत शिरली, तेव्हा गोडसे शहरातच होते. एरवी भय वाटचोरांचे. येथे घरात शिरून पैसा नेला तो सरकारी शिपायांनी.

पुढे परतताना त्यांनी गंगाजलाची कावड खांद्यावर घेतली. लुटारूंच्या लेखी तिचे मोल शून्य. वरसईस पोहोचून त्याच पाण्याने त्यांनी आईवडिलांस स्नान घातले. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहिलेला हा वृत्तांत छापून निघाला तो १९०७ मध्ये.