हैदराबाद येथील क्लोरोफॉर्मची चौकशी

शस्त्रक्रियेच्या यातनांतून मनुष्याची सुटका करणारी जी द्रव्ये एकोणिसाव्या शतकात प्रचारात आली, त्यांत क्लोरोफॉर्मचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. १८४६ साली बोस्टन येथे मॉर्टनने ईथरचा प्रयोग जाहीरपणे करून दाखविला. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या डॉ. सिम्प्सनने क्लोरोफॉर्म पुढे आणले. ते त्वरित गुंगी आणी, वासास गोड असे आणि ईथरप्रमाणे पेटही घेत नसे. परंतु १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म हुंगविताच काही मिनिटांत मरण पावली. हृदय आधी थांबले की श्वास, हा वाद तेव्हापासून सुरू झाला.

हा वाद केवळ पंडिती नव्हता. भूल देणाऱ्याने नाडीवर बोट ठेवावे की छातीच्या हालचालीवर दृष्टी ठेवावी, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून होते. लंडनच्या जॉन स्नोचे मत असे की, वाफ अतितीव्र झाल्यास हृदयच बंद पडते. म्हणून तिचे प्रमाण मोजून द्यावे. एडिंबरोच्या साइमचा संप्रदाय श्वासोच्छ्वासाकडे लक्ष देण्यास सांगे.

साइमचे शिष्य एडवर्ड लॉरी हे हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख होते. निझाम सरकारच्या आश्रयाने त्यांनी १८८८ साली कुत्र्यांवर प्रयोग करविले व श्वासच आधी थांबतो असा निर्णय दिला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्राने त्यावर शंका घेतली. तेव्हा निझाम सरकारने एक हजार पौंड देऊ करून त्या पत्रालाच आपला प्रतिनिधी धाडण्यास पाचारण केले. १८८९ साली लॉडर ब्रंटन आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि त्यांनीही लॉरींचाच निर्णय मान्य केला.

प्रश्न मिटला असे वाटले. तो मिटला नव्हता. १८९३ साली केंब्रिजच्या गॅस्केल व शोअर यांनी क्लोरोफॉर्म प्रत्यक्ष हृदयावरही परिणाम करते असे दाखविले. पुढे १९११ साली लेव्हीने खरे मर्म उघड केले. गुंगी हलकी असताना अॅड्रेनलिनचा लोट रक्तात आला, तर हृदयाच्या स्नायूंत विस्कळीत कंप सुटून ते एकाएकी बंद पडते. भयानेही शरीरात हेच द्रव्य स्रवते. म्हणजे भ्यालेला रोगी आरंभीच का दगावे, याचा उलगडा येथे होतो. हैदराबादेस अधिकाधिक वाफ देऊन जनावर मरेपर्यंत पाहिले गेले. त्या मार्गाने येणारा मृत्यू श्वासाच्याच वाटेने येई. दुसरी वाट त्या प्रयोगांच्या दृष्टीस फारशी पडणारच नव्हती.

यावरून हैदराबादचे श्रम व्यर्थ गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. श्वासोच्छ्वासावर अखंड लक्ष ठेवण्याचा त्यांचा आग्रह हितकरच होता, आणि एका संस्थानाने जगाच्या प्रश्नासाठी स्वतःची तिजोरी उघडावी हेही लहान कार्य नव्हे. दोष होता तो नाडीस गौण लेखण्यात. प्रयोगांची संख्या कितीही मोठी असली, तरी जो प्रश्न त्यांस विचारलाच नाही त्याचे उत्तर ती देऊ शकत नाही. आणि त्या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत मात्र शस्त्रक्रियेच्या मेजावर विश्वासाने पडलेल्या रोग्यास द्यावी लागते.