बायकोला भेटायला जायचंय? आधी सिद्ध करा की परत याल

ज्यांना गर्दीत इअरफोन लावून ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना होणारी ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ची गर्दी थोडी कमी केलीये. बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय इतिहासाचा असला तरी सुरुवात माझ्या घरापासून करतो.

गेल्या वर्षी एका रात्री साडेतीन वाजता मी पुण्यात लॅपटॉप उघडून बसलो होतो. न्यू जर्सीत तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते आणि माझ्या बायकोला अपेंडिक्सच्या ऑपरेशनला आत नेत होते. ऑपरेशन साधंच, दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पण फॉर्मवर सही करायला तिच्याजवळ तिची मावशी होती आणि नवरा व्हिडिओ कॉलवर. मावशींनी फोन उलटा धरला होता, त्यामुळे मला बराच वेळ फक्त छत दिसत होतं.

आमचं लग्न नाशिकला झालं, दीड वर्षापूर्वी. ती आई-वडिलांबरोबर अमेरिकेत गेली आणि तिला ग्रीन कार्ड मिळालं, त्याला आता चार वर्षं झाली. लग्नानंतर तिने माझ्यासाठी आय-१३० नावाचा अर्ज भरला. ‘हा माझा नवरा आहे, याला इथे राहायला येऊ द्या’ असं सरकारला सांगणारा हा अर्ज. तो भरला की रांग सुरू होते आणि ती काही वर्षांची असते. मग मी म्हटलं, राहायचं नंतर बघू, निदान दोन आठवडे भेटून तरी येऊ. टूरिस्ट व्हिसा मागितला. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने तीनेक मिनिटं प्रश्न विचारले आणि एक छापील कागद हातात दिला. त्यावर कलम होतं २१४(बी).

घरी येऊन मी ते कलम वाचलं. मग त्याच्या आधीचा कायदा, मग त्याच्याही आधीचा. कोड कुणी लिहिलाय हे बघायची सवय! तीन महिने हेच चाललं होतं. हा भाग त्यातून झालाय.

गोपाळरावांना व्हिसा लागला नव्हता

‘आनंदी गोपाळ’ सिनेमा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. राहायला गेल्या कुठे? न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, कार्पेंटरबाईंच्या घरी. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकून त्यांनी मार्च १८८६ मध्ये पदवी घेतली. नवरा मागे राहिला होता, तोही नंतर अमेरिकेत पोचला आणि १८८६ च्या शेवटी दोघं एकत्र भारतात परतले.

गोपाळरावांना मी आदर्श नवरा म्हणून पुढे करत नाहीये. ते बायकोवर हात उगारायचे, हेही नोंदलेलं आहे. माझा मुद्दा फक्त प्रवासाचा आहे. बायको अमेरिकेत, नवरा भारतात, आणि त्याला तिच्याकडे जायचंय. त्याला तिकिटाचे पैसे लागले, रजा लागली, समुद्र ओलांडायची तयारी लागली. पण ‘परत येशील हे सिद्ध कर’ असं निघण्याआधी विचारणारी खिडकीच नव्हती. प्रवासाआधी व्हिसा घ्यायचा ही पद्धतच तेव्हा अमेरिकेत सुरू झाली नव्हती.

दार सगळ्यांना उघडं होतं असं मात्र नाही. १८७५ च्या पेज कायद्याने चिनी बायकांना अडवायला सुरुवात झाली होती आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांवर सरळ बंदी आली होती. म्हणजे आनंदीबाई उतरल्या त्याच्या आदल्याच वर्षी. आपल्यावर ती वेळ यायची होती.

पंजाबातल्या बायका आणि कॅलिफोर्नियातले नवरे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही हजार भारतीय अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले. बहुतेक पंजाबी पुरुष. शेतात, लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामावर राबायचे. बरेच जण लग्न झालेले होते. थोडे पैसे साठवू, मग बघू, असा हिशोब.

१९१७ मध्ये नवा कायदा आला. आशियाचा एक मोठा पट्टा आखून त्यातल्या लोकांना प्रवेश बंद केला आणि भारत त्या पट्ट्यात होता. विद्यार्थी, व्यापारी, पर्यटक अशा काही वर्गांना सूट होती. शेतमजुराला नव्हती. म्हणजे बायकोला आणता येत नाही आणि तिला भेटायला गावी गेलं तर परत आत घेतील याची खात्री नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. आधी ज्यांना नागरिकत्व दिलं होतं, त्यांच्यातल्याही अनेकांचं काढून घ्यायची कारवाई झाली.

त्यातल्या काहींनी कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीत मेक्सिकन बायकांशी लग्नं केली आणि तिथेच संसार थाटले. ही गोष्ट बऱ्याचदा ‘किती छान, दोन संस्कृतींचा मेळ’ अशी सांगितली जाते. तो मेळ खराच होता. पण मला आता त्या गोष्टीचं दुसरं टोक दिसतं. त्यांच्यातल्या काहींची पहिली बायको पंजाबात होती. तिने किती वर्षं वाट पाहिली असेल?

एकाच दिवसाचे दोन निकाल

आता मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारी गोष्ट. नीट ऐका.

१९२४ चा कायदा म्हणाला, जो नागरिक होऊ शकत नाही त्याला इथे राहायलाही येता येणार नाही. कायदा १ जुलैला लागू झाला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत एक बोट सॅन फ्रान्सिस्कोला लागली. तिच्यात काही चिनी बायका होत्या. त्यांचे नवरे वंशाने चिनी, पण अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे अमेरिकन नागरिक. बायकांना अडवलं. त्याच वेळी दुसऱ्या काही चिनी बायकांनाही अडवलं होतं. त्यांचे नवरे अमेरिकेत धंदा करणारे चिनी व्यापारी होते. नागरिक नव्हते, परदेशीच.

दोन्ही प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २५ मे १९२५ या एकाच दिवशी दोन्हींचा निकाल लागला. व्यापाऱ्यांच्या बायकांना आत घ्या, कारण व्यापाऱ्यांना चीनबरोबरच्या जुन्या तहाचं संरक्षण आहे. नागरिकांच्या बायकांना मात्र घेता येणार नाही, कारण कायद्यात तशी सवलत लिहिलेली नाही.

परदेशी नवऱ्याची बायको आत आणि नागरिकाची बायको बाहेर! कायद्याने नातं किती जवळचं आहे ते पाहिलंच नाही. नवऱ्याच्या हातातल्या कागदाचं नाव काय, एवढंच पाहिलं.

तुम्ही म्हणाल, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, सोड. सोडतो. पण माझ्या कॉलेजच्या रूममेटचं ऐका. तो एच-वन-बीवर टेक्सासला गेला. म्हणजे तात्पुरता कामगार. लग्न केलं आणि काही महिन्यांत त्याची बायको एच-४ वर त्याच्याजवळ राहायला गेली. माझ्या बायकोकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे कायमची रहिवासी. तिचा नवरा रांगेत. ती व्हिसावर असती तर मी आज तिच्याजवळ असतो. आईला हे तीनदा समजावलं. ती म्हणाली, “मग तिला ते कार्ड परत द्यायला सांग ना.”

डिफॉल्ट व्हॅल्यू

२१४(बी) हे कलम १९५२ च्या कायद्यातलं आहे. ते असं मानून चालतं की व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच निघालाय. तसं नाही, हे त्याने अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. आपल्या भाषेत, डिफॉल्ट व्हॅल्यू ‘राहायला येतोय’ अशी सेट केलेली आहे आणि ती बदलायची जबाबदारी तुमची. एच-वन-बी आणि त्याच्या कुटुंबाला १९९० च्या कायद्याने या डिफॉल्टमधून बाहेर काढलं. म्हणून रूममेटची बायको गेली.

माझ्या बाबतीत तर बायकोनेच लिहून दिलंय की नवऱ्याला राहायला यायचंय. टूरिस्ट व्हिसाच्या फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो, तुमच्यासाठी कुणी कधी इमिग्रेशनचा अर्ज भरलाय का? खरं उत्तर ‘हो’. त्याने व्हिसा आपोआप नाकारला जातो असं नाही. काही जणांना मिळतोही. पण आपली बाजू लंगडी होते. खोटं ‘नाही’ लिहिलं आणि सापडलं, तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. मला दोन-तीन जणांनी ‘नाही लिही रे, कोण बघतंय’ असं सांगितलं. कृपा करून असलं काही ऐकू नका.

आता खरं बोलतो. मला तिथे राहायचंय का? हो, माझा नंबर लागल्यावर. मला दोन आठवड्यांत परत यायचं होतं का? तेही हो. कंपनीचं रजेचं पत्र होतं, परतीच्या विमानाची वेळ ठरवली होती, आई-बाबा इथे आहेत. माणसाच्या मनात ही दोन्ही खरी असतात. पण फॉर्ममध्ये चौकट एकच.

एलन नाउफ आणि एलिस आयलंड

रांगेत असलेल्यांनी एक नाव माहीत करून घ्यावं. एलन नाउफ. मूळची जर्मन. हिटलरच्या काळात तिथून निसटली, युद्धात ब्रिटिश हवाई दलासाठी काम केलं, नंतर जर्मनीत अमेरिकन लष्करी प्रशासनात नोकरी केली. १९४८ मध्ये कुर्ट नाउफ या अमेरिकन माजी सैनिकाशी लग्न केलं. सैनिकांच्या बायकांसाठी १९४५ मध्ये खास कायदा झाला होता, त्याच्या भरवशावर ती ऑगस्ट १९४८ मध्ये न्यूयॉर्कला पोचली.

तिला एलिस आयलंडवर अडकवून ठेवलं. कारण? देशाच्या सुरक्षेला धोका. पुरावा? गुप्त आहे, सांगता येणार नाही. सुनावणीही नाही. जानेवारी १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. विरोधात मत देणाऱ्यांत रॉबर्ट जॅक्सन होते, न्यूरेंबर्गला नाझींवर खटला चालवणारे. पण वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला, संसदेत आवाज उठला, शेवटी सुनावणी मिळाली आणि तिच्याविरुद्धचा पुरावा टिकला नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये ती आत गेली. लग्नानंतरची साडेतीन वर्षं यात गेली.

तो न्यायालयीन निकाल मात्र पुढेही वापरात राहिला. जून २०२४ मध्ये मुन्योझ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की परदेशी जोडीदाराला देशात घेतलंच पाहिजे असा नागरिकाला मूलभूत हक्क नाही. त्या निकालात नाउफचा दाखला आहे.

एकदा हे दार उघडलं होतं

हे सगळं ऐकून वाटेल की रांग म्हणजे पावसासारखी, आपल्या हातात काही नाही. मलाही तसंच वाटायचं. पण प्रत्येक नियमाला तारीख आहे. १९४६ मध्ये भारतीयांवरची बंदी उठली, तेव्हा वर्षाला कोटा होता १०० जणांचा! १९६५ मध्ये देशागणिक कोट्याची ती जुनी पद्धत गेली. नागरिकांच्या नवरा-बायकोंना आकड्याची मर्यादा राहिली नाही. ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांना मात्र मर्यादेतच ठेवलं. जोडीदार आणि लहान मुलं धरून आज त्या वर्गाचा सगळ्या जगासाठीचा मूळ वार्षिक आकडा आहे ८७,९३४. माझी रांग ती हीच.

आणि डिसेंबर २००० मध्ये तर अमेरिकन संसदेने आमच्यासारख्यांचा प्रश्न शब्दशः ओळखला होता. तीन वर्षं रांगेत असलेल्या ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांना ‘व्ही’ नावाचा व्हिसा दिला. या, एकत्र राहा, रांग इथे बसून संपवा. अट एकच, मूळ अर्ज २१ डिसेंबर २००० किंवा त्याआधी भरलेला हवा. मी तेव्हा बालवाडीच्या वयाचा होतो. त्यानंतरच्या लोकांसाठी हे दार पुन्हा उघडलेलं नाही. नागरिकांच्या जोडीदारांसाठी त्याच वेळी आलेला के-३ व्हिसा कायद्यात अजून आहे, पण प्रत्यक्षात तो क्वचितच मिळतो.

म्हणजे उपाय सुचला होता, लिहिलाही गेला होता. फक्त चालू ठेवला नाही.

सध्या आमचं काय चाललंय

सध्या तीच इकडे येते. दिवाळीत दोन आठवड्यांची रजा काढून आली होती. जास्त राहता येत नाही, कारण नोकरी आहे. शिवाय सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिली तर नागरिकत्वासाठी मोजली जाणारी पाच वर्षं अडचणीत येतात. ती नागरिक झाली की माझी रांगच संपते, म्हणून आम्ही तिचे बाहेरचे दिवस एका एक्सेल शीटमध्ये मोजतो. प्रेमपत्रं लिहायच्या वयात आम्ही सेल फॉर्म्युले लिहितोय.

मी पुन्हा टूरिस्ट व्हिसाचा अर्ज भरलाय. पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. मागच्या वेळी ‘कशाला जाताय?’ या प्रश्नावर मी घाबरून नायगारा, न्यूयॉर्क असं काहीतरी बडबडलो होतो. या वेळी सरळ सांगणार आहे. बायकोला भेटायला जातोय आणि दोन आठवड्यांनी परत येतोय. ‘हो’च्या चौकटीतली टिकही तशीच ठेवलीये.

मी वकील नाही, त्यामुळे तुमच्या केससाठी वकिलालाच विचारा. आणि घरात कुणी असं रांगेत असेल तर त्यांना ‘अजून गेला नाहीस?’ असं विचारू नका. चहाला बोलवा.

भेटू पुढच्या भागात. मुलाखतीचं काय झालं ते तिथे सांगतो.