खुब्याचे हाड मोडल्यावरचा आहार

उतारवयात पडल्यावर मांडीचे हाड बहुधा खुब्याच्या सांध्याजवळ मोडते. अशा रुग्णाला काय खायला द्यावे, याची भारतातील सर्वांत जुनी सविस्तर मांडणी सुश्रुतसंहितेत आहे. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात भग्नाचा, म्हणजे मोडलेल्या हाडाचा, विचार येतो. जो कमी खातो त्याचे हाड जुळणे अवघड, असे तिथे आरंभीच सांगितले आहे. तरुणपणी हाड महिन्याभरात स्थिर होते, मध्यम वयात दुप्पट आणि म्हातारपणी तिप्पट वेळ लागतो, असा हिशेबही दिला आहे. मांडी मोडलेल्या रुग्णाला फळीवर निजवून पाच खुंट्यांच्या आधाराने पाय जखडावा, याला कपाटशयन म्हटले आहे. पथ्यात साळीचा भात, मांसरस, दूध, तूप, वाटाण्याचे कढण आणि एकूणच बृंहण, म्हणजे शरीर भरून काढणारे, अन्न येते. खारट, आंबट, तिखट आणि कोरडे अन्न वर्ज्य आहे. सकाळी पहिलारू गाईचे दूध तूप व लाख घालून प्यावे, असा एक योगही आहे.

पुढच्या शतकांत या सांगण्याचे दोन भाग वेगवेगळ्या वाटांनी गेले. लाखेसारख्या द्रव्यांपासून गोळ्या आणि चूर्णे तयार झाली. लाक्षादी गुग्गुळात लाख, गुग्गुळ, अर्जुनाची साल, अश्वगंधा, नागबला आणि हाडसांधी ही वेल एकत्र येते. चौकोनी, कांड्याकांड्यांची हाडसांधी हाडवैद्यांच्या उपचारांत पोटातून आणि लेपातूनही वापरली गेली. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात के. एन. उडुपा आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर तिचे प्रयोग केले आणि हाड लवकर जुळल्याचे नोंदवले. बृंहण अन्नाचा दुसरा भाग वैद्यांच्या पोथ्यांपेक्षा घरच्या चुलीवर अधिक टिकला.

काही ठिकाणी, उदाहरणार्थ भोपाळात, या परंपरेला युनानी वैद्यकाची जोड मिळाली. शाहजहान बेगम (१८६८–१९०१) आणि सुलतान जहान बेगम (१९०१–१९२६) यांच्या राजवटींत हकिमांना राज्याश्रय होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आसिफिया ही युनानी शिक्षणाची संस्था उभी राहिली. जुळणाऱ्या हाडाभोवती जो चिकट भराव तयार होतो, त्यासाठी घट्ट आणि पौष्टिक अन्न हवे, ही युनानी कल्पना होती. त्यामुळे पाये (जनावराच्या पायांचा रस्सा), हरीसा (मांस व गव्हाची घट्ट लापशी) आणि यखनी (मांसाचा पातळ रस्सा) हे रुग्णाचे अन्न ठरले. पायांच्या रश्श्यात कॅल्शियम भरपूर असते, हा समज आजही आढळतो. प्रत्यक्षात हाडे उकळल्याने रश्श्यात उतरणारे कॅल्शियम थोडेच असते. मात्र न खाणाऱ्या माणसाच्या पोटात मांसाचा अंश, मीठ आणि पाणी जाते, हा यखनीचा खरा फायदा आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. जुन्या मध्य प्रदेशाचे सचिवालय नागपूरला होते आणि मध्य भारताचा कारभार ग्वाल्हेर व इंदूरहून चालत असे. तिथली कार्यालये भोपाळला आली आणि त्यांच्याबरोबर मराठी कर्मचाऱ्यांची कुटुंबेही आली. त्याच वर्षी अवजड विद्युत यंत्रांच्या कारखान्याची कंपनी स्थापन झाली. पुढे ती ‘भेल’मध्ये विलीन झाली. हबीबगंज (नोव्हेंबर २०२१ पासून राणी कमलापती) स्थानकाच्या दोन्ही बाजूंना सरकारी निवासस्थाने, अरेरा कॉलनी, भेलची वसाहत आणि तिचे कस्तुरबा रुग्णालय असा नवा परिसर वाढला.

या मराठी घरांत अशक्त माणसासाठीचे अन्न ठरलेले असे. सुरुवातीला तूप-मेतकूट घातलेला मऊ भात आणि मुगाचे कढण, थोडी भूक लागली की खीर, नाचणीची आंबील किंवा सत्त्व, आणि थंडीत डिंकाचे लाडू. लाडवात डिंकाबरोबर खारीक, सुके खोबरे, खसखस, गूळ, तूप आणि विदर्भाकडे गोडंबी असते. बाळंतिणीसाठीचा हा खुराक मोडलेल्या हाडासाठीही दिला गेला. तुपात फुललेला डिंक मुख्यतः तंतुमय कर्बोदक असतो. लाडवाची ताकद तूप, गूळ आणि सुक्यामेव्यातून येते. म्हणजे लहानशा घासात बरीच ऊर्जा मिळते, पण प्रथिने बेताचीच. नाचणीत मात्र शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि तिची पेज दात नसलेल्यालाही गिळता येते.

या सगळ्या काळात खुब्याच्या रुग्णाचा शेवट बहुधा अंथरुणात होत असे. अनेक आठवडे पडून राहिल्याने पाठीला जखमा होत, छातीत कफ साठे आणि न्यूमोनिया होई. १९३१ मध्ये बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी तीन पात्यांच्या खिळ्याने हाड जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९५० च्या दशकात ऑस्टिन मूर यांचा धातूचा कृत्रिम गोळा वापरात आला. भारतीय अस्थिशल्यचिकित्सकांची संघटना १९५५ मध्ये स्थापन झाली आणि पुण्यात के. एच. संचेती यांचे रुग्णालय १९६५ मध्ये सुरू झाले. शस्त्रक्रियेमुळे रुग्ण काही दिवसांतच उभा राहू लागला, आणि चालायला स्नायूंत बळ नाही ही अडचण प्रथमच ठळक झाली.

बळ देणारे अन्न तोवर डब्यांतही मिळू लागले होते. माल्ट आणि दुधाचे हॉर्लिक्स एकोणिसाव्या शतकात बालके व आजारी माणसांसाठी निघाले होते. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाचे तेल मिळेनासे झाल्यावर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्कच्या, म्हणजे मुशीच्या, यकृताचे तेल काढले गेले. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर, पण हाडांना हवे असलेले ड मात्र कमी होते. १९५७ पासून प्रोटिनेक्स बाजारात आले. शेंगदाण्याच्या प्रथिनांचे विघटन करून केलेली ती भुकटी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिसू लागली. २००६ मध्ये ती वोखार्टकडे आणि २०१२ मध्ये दानोन कंपनीकडे गेली.

डबे विकले जात होते, पण त्यांचा उपयोग मोजायला १९८० चे दशक उजाडले. १९८३ मध्ये नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी खुबा मोडलेल्या कृश वृद्ध स्त्रियांना रात्री नाकातील नळीने जादा अन्न दिले. अतिकृश स्त्रिया त्यामुळे लवकर हिंडूफिरू लागल्या. १९९० मध्ये जिनिव्हात सरासरी ८२ वर्षांच्या ५९ रुग्णांवर अभ्यास झाला. त्यांच्यापैकी काहींना रोज २५० मिलिलिटर पेय दिले, त्यात २० ग्रॅम प्रथिने आणि सुमारे २५० कॅलरी होत्या. या गटाचा रुग्णालयातला मुक्काम ४० दिवसांवरून २४ वर आला आणि गुंतागुंतही घटली. १९९२ मध्ये लियोंच्या परिसरातील ३,२७० वृद्ध स्त्रियांवरील अभ्यासात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देऊन खुबा मोडण्याचे प्रमाण अठरा महिन्यांत ४३ टक्क्यांनी कमी दिसले. पण हा उपाय हाड मोडू नये म्हणून होता, मोडल्यानंतरचा नव्हे.

रुग्ण उपाशी का राहतो, याचे उत्तर बरेचसे वॉर्डात सापडते. शस्त्रक्रिया पुढे ढकलली की पुन्हा पोट रिकामे ठेवले जाते. वेदनाशामकांनी मळमळ आणि बद्धकोष्ठता होते. कवळी घरी राहते, काही रुग्ण भ्रमात असतात आणि ताट हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवले जाते. त्याच वेळी जखमी शरीर स्वतःचे स्नायू मोडून प्रथिने वापरत असते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्डिफच्या अभ्यासात निव्वळ खाऊ घालण्यासाठी आहार-साहाय्यक नेमले गेले. अस्थिविभागातील मृत्यूंचे प्रमाण त्या गटात ४.१ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीत १०.१ टक्के होते. कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात ४१ अभ्यास आणि ३,८८१ रुग्ण घेतले होते. तोंडाने घ्यायच्या पूरक आहारामुळे गुंतागुंत कमी होत असावी, मृत्यू मात्र फारसे घटत नाहीत, आणि पुराव्याचा दर्जा कमकुवत आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला.

आजच्या शिफारशी या पुराव्यावर बेतलेल्या आहेत. आजारी वृद्धाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. ६० किलोच्या माणसाला हे ७२ ते ९० ग्रॅम होतात. दुधाचा पेला आणि वाटीभर वरण यांत प्रत्येकी सहा-सात ग्रॅमच असतात, त्यामुळे केवळ वरणभातावर हा आकडा गाठणे कठीण जाते. अंडी, मासे, दही, पनीर, डाळींचे घट्ट कढण आणि गरज पडल्यास भुकटी यांची जेवणांमध्ये विभागणी करावी लागते. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असल्यास प्रमाण डॉक्टर ठरवतात. २०१२ पासून वैद्यकीय शिक्षण सुरू असलेले भोपाळचे एम्स हबीबगंजजवळच्या साकेतनगरात आहे. शस्त्रक्रियेनंतरचे बरेचसे पुनर्वसन मात्र रुग्णालयाबाहेर, कुटुंबाच्या देखरेखीखाली होते. त्यामुळे रोज किती अन्न पोटात गेले याची नोंद, कवळी, बसून जेवण्याची सोय आणि भरवणारे माणूस यांनाही उपचारात स्थान द्यावे लागते.